तकलीफ न्हाई

वारंगा फाट्यावर माहं पंक्चरचं दुकान हाय. नांदेड-हिंगोली रोडवरच्या कोनत्याबी ट्रकवाल्याला इचारा, विश्वंभर पंक्चरवाला कोन, तो बराबर दुकानासमोर आनून सोडल. तोंडाचा लय फाटका हाय, हेबी सांगल. मला खोटं चालत न्हाई, मी तिथल्या तिथं बोलून दाखवतो, मंग समोर कोनी का असना. आनि असल्या मानसानं, म्हंजे मीच, माह्या बायकोला दहा महिने गप बसवलं. साधनाला जाऊन आता चार महिने झाले. कसं झालं ते सांगतो. मधीच मी भडकलो तर भडकू द्या.

आधी फ्रीजचं सांगावं लागल. डोंगरकड्याच्या पुढं आमचं गाव. दोन खोल्या, वर पत्रे. सहा वर्सांमागं घरकुलाची यादी निघाली, त्यात आमचं नाव एकोनिसावं. मी माह्या डोळ्यानं वाचलं. मंग एक पोरगं मोबाईल घेऊन सर्वे करायला आलं. साधनानं त्याला चहा केला. त्यानं इचारलं, "घरात फ्रीज आहे का?" मी म्हनलं, "हाय ना, दाखवू का?" दुकानात कोल्ड्रिंक ठेवायला जुना घेतला व्हता, दोन उन्हाळ्यात बंद पडला. साधना त्यात आमच्या पोरीची, पुनमची, वह्या-पुस्तकं ठेवायची, उंदरानं कुरतडू नये म्हनून. मी दार उघडून पुस्तकं दाखवली. ते पोरगं हसलं, अन् फ्रीज आहे असं दाबून गेलं. आमचं नाव कटलं. खरं बोललो म्हनून कटलं. दोन वर्सं चकरा मारल्या, कोनी ऐकलं न्हाई. त्या दिवसापासून मी घरात कायदाच केला: कागद घेऊन आलेल्या मानसाला खरं सांगायचं न्हाई. आपलं नाव यादीत हाय ना, मंग तोंड बंद.

साधनाला छातीत गाठ हाताला लागली पोळ्याच्या टायमाला. मला सांगितलं दिवाळी झाल्यावर. मी इचारलं, काहून गं, इतके दिवस काहून लपवलंस? तर म्हनली, "सोयाबीन काढनीला आलं व्हतं, तुमाला कुठं फिकर लावू." अरारा, काय बोललो मी तिला त्या दिवशी! गल्ली गोळा झाली. तुला जीव नकोसा झाला का, तोंड शिवलं व्हतं का, सगळं बोललो. ती खाली मान घालून ऐकत राह्यली. मंग म्हनली, "चुकलं माहं. इथून पुढं तुमाला सगळं सांगत जाईन." शब्द दिला तिनं, आनि पाळला. तेच तर दुखनं हाय.

नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. काखेतल्या नऊ गाठींत रोग निघाला. आठ केमो झाले, केस गेले, पंचवीस दिवस मशीनखाली शेक झाला. मंग मोठ्या डॉक्टरनं दोघांला बसवून सांगितलं. रोग उलटायची भीती हिच्यात जास्त आहे. नेहमीची गोळी तर चालूच राहील. तिच्यासोबत दोन वर्षं आणखी एक गोळी दिली तर रोग लांब राहतो का, हे आम्ही तपासून पाहतोय. निम्म्या बायांना ती जास्तीची गोळी मिळेल, निम्म्यांना नाही. कोणाला द्यायची ते कॉम्प्युटर ठरवेल.

"साहेब, मटका हाय का हे?" मी म्हनलं.

साधनानं मला कोपर मारलं. डॉक्टर मातर चिडले न्हाईत. म्हनले, तसंच समजा, फक्त यात कोणाला आकडा माहीत नसतो.

त्या गोळीचं सगळं काम शिला मॅडमकडं. नांदेडचीच पोरगी, असल तीसेक वर्सांची. तिनं दीड घंटा बसून वीस पानं वाचून दाखवली. त्रास झाला तर लगेच सांगायचं, फोन करायचा, रात्री-बेरात्री सुद्धा. मनात नसेल तर तुम्ही कधीही बाहेर पडू शकता. गरज पडली तर डॉक्टरही गोळी कमी करतील किंवा थांबवतील. काका, कळलं का? मी म्हनलं, कळलं. अन् मला काय कळलं तर येवढंच: ही यादी हाय, अन् यातूनबी कटतं.

आठ दिवसांनी कॉम्प्युटरनं नंबर काढला. साधनाला गोळी मिळाली. बसस्टँडवर मी पावशेर पेढे घेतले. ती हसली, रडली, पेढा अर्धा खाल्ला, अर्धा पुनमसाठी पदराला बांधला. बसमधी म्हनली, "दोन वर्सं, अवं. दोन वर्सांत पुनमची बारावी व्हईल, पुढचं काहीतरी व्हईल. दोन वर्सं मी डोळे मिटून काढीन." मी म्हनलं, "आपला नंबर लागला हाय, आता काही बी झालं तरी सोडायचा न्हाई."

गोळीसोबत एक वही दिली व्हती. रोज एक ओळ. सकाळची गोळी घेतली का, सांजची घेतली का, काय तकलीफ झाली. लिव्हायचं साधनानं. ती सातवी शिकलेली, अक्षर मोत्यावानी. पन ऑपरेशनपासून तिचा उजवा हात सुजायचा, पेन धरवायचं न्हाई. म्हनून मी लिव्हायचो. सकाळी चहा झाला की ती माह्या पुढं बसायची अन् कालचं सगळं सांगायची. तिसऱ्याच दिवशी म्हनली, "काल सहा येळा जावं लागलं. पोटात नुसतं पानी."

मी लिव्हलं, तकलीफ न्हाई.

ती वाकून पाहून राहिली व्हती. म्हनली, "अवं, मी तर सांगितलं ना?"

"मला सांगितलंस, झालं. यादीला काहून सांगायचं? फ्रीज इसरलीस का?"

ती जराशी हसली. फ्रीजचं नाव काढलं की आमच्या घरी सगळे हसायचे. असं ते चालू झालं. ती रोज सांगायची, मी रोज एकच लिव्हायचो. नांदेडला जायच्या आदल्या दिवशी ती काहीच खायची न्हाई, बसमधी पंचाईत नको म्हनून. तिथं मॅडम इचारायची, "काकू, पोट कसं आहे?" साधना माह्याकडं पाहायची अन् म्हनायची, "चांगलं हाय."

तिथंच आमची मिराबाईशी वळख झाली. कळमनुरीकडच्या तांड्यावरची बाई, पन्नाशीची, तिलाबी हीच गोळी. तिचा नवरा पेमा बिचारा पिशवी धरून मागं उभा, बोलायचं काम सगळं तिच्याकडं. अन् काय बोलायची! दारातूनच सुरू. "ए मॅडम, काय घातलं गं या गोळीत? रात्रभर डबा घेऊन पळते मी! सून हसते मला! तोंड आलं, भाकर गिळत न्हाई, लिही, लिही सगळं!" मॅडम हसत हसत लिव्हायची. साधना पदरात तोंड धरून हसायची. मी तिला हळूच म्हनलं, "बघजो, हिचं नाव कटतंय."

दुसऱ्या महिन्याला मिराबाई आली ती डबी दाखवत आली. गोळी बारकी केली म्हने. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा बारकी केली. मी साधनाला दाखवलं, "पाह्यलंस? पयलं कमी करतात, मंग काटतात. रेशनचं असंच केलं न्हाई का? पस्तीस किलोचं वीस किलो, मंग कार्डच बंद." साधनाला पटलं. तिला का पटनार न्हाई? बारा गावच्या ट्रकवाल्यांशी बोलनारा तिचा नवरा सांगून राहिला व्हता.

खोकला लागला शिवरात्रीच्या पुढं. कोरडा. आधी मी म्हनलं, हवा बदलली. दुकानाशेजारच्या मेडिकलमधून बाटली आनली. ती संपली, दुसरी आनली. मंग ती कपडे धुता धुता खाली बसू लागली. हापशीवरून एक घागर आनायची तर दोन जागी थांबायची. सकाळी सांगायची, "काल रातच्याला उशाला दोन वाकळा घेतल्या, आडवं होता येत न्हाई." मी लिव्हलं, तकलीफ न्हाई. पुनमनं एक दिवस ते वीस पानी कागद काढून माह्या तोंडापुढं धरले. "पप्पा, इथं लिव्हलं हाय बघा. खोकला, धाप, लगेच कळवा."

"तू डॉक्टर झालीस का?" मी वरडलो. "तुह्या मायची गोळी बंद पडली तर तू देशील का आनून?"

पोरगी रडत उठून गेली. साधना म्हनली, "तिला काहून बोलता? ती बराबरच बोलून राहिली." मी म्हनलं, "अजून चौदा महिने, साधने. तेवढे काढ. रोग उलटला तर खोकल्याचं काय घेऊन बसलीस?" माह्या मनात खोट न्हवती हो. मला ती पायजे व्हती. त्या गोळीशिवाय ती मरल, येवढंच माह्या डोक्यात बसलं व्हतं.

एप्रिलच्या चकरेला निघालो तवा तिनं एसटीत बसल्या बसल्या गालात लवंग धरली. खोकला दाबायला ती लवंगच धरायची, महिनाभर तेच. अर्धापूर गेलं तवा म्हनली, "अवं, आज सांगू का मॅडमला? मला भ्या वाटून राहिलं."

मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

डॉक्टरनं छातीला नळी लावली. तिनं लवंग दाताखाली दाबली, एक ठसका येऊ दिला न्हाई. मंग मॅडमच्या टेबलापुढं बसलो. मॅडमनं वही चाळली, म्हनली, "काकू, तुमच्यासारखी गोळी कोणाला पचली नाही बघा." साधना म्हनली, "मॅडम, जरा..."

टेबलाखाली मी तिचा हात धरला. सुजलेला हात. दाबला.

"जरा ऊन लय हाय म्हनते ती," मी म्हनलं.

मॅडम हसली. पंखा वाढवला, साधनाला ग्लासभर पानी दिलं. ती प्याली. परत येताना तिला कसं वाटतंय, हेबी मी इचारलं न्हाई.

त्याला नऊ दिवस झाले अन् सकाळी तिचे ओठ निळे पडले. तरी मी, ऐका, तरी मी आधी वही काढली अन् त्या दिवसाची ओळ भरली. सवयच पडली व्हती. मंग गावातल्या बाबूसिंगची जीप बोलावली. नांदेडला पोचेपर्यंत तिची मान माह्या खांद्यावर, अन् ती नुसती हवा ओढून राहिली व्हती. आत नेलं, तोंडाला मास्क लावला. एक नवाच डॉक्टर, तरुन, पळत आला. "खोकला किती दिवसांपासून आहे?"

साधनानं माह्याकडं पाह्यलं. मास्कवरून तिचे डोळे तेवढे दिसत व्हते. बोल म्हनून पाहत व्हती ती. मला कळलं. भिंतीला शिला मॅडम उभी, हातात फाईल.

"चार दिवस," मी म्हनलं.

साधनानं डोळे मिटले. मान तिकडं फिरवली. तिसऱ्या दिवशी पहाटं ती गेली, तवर तिनं पुन्हा माह्याकडं पाह्यलं न्हाई. लोक म्हनतात, तिला शुद्ध कुठं व्हती, मशीनवर व्हती ती. मला माहीत हाय काय ते.

तेराव्याला पाव्हने गेल्यावर पुनमनं त्या फ्रीजमधून तिची पुस्तकं काढली, सगळी, एकेक करून. मंग फ्रीज ढकलत ढकलत अंगनात नेला अन् आडवा पाडला. म्हनली, "ह्यानं मारलं माह्या मायला." मी तिला एका शब्दानं बोललो न्हाई. ती माह्याशी अजूनबी कामापुरतं बोलते.

मंग मॅडमचा फोन आला. उरलेल्या गोळ्या अन् वही परत द्या, काका, तुमच्या सवडीनं या. गेलो. बाहेर बाकड्यावर मिराबाई बसलेली, पेमा मागं पिशवी घेऊन. केस परत आले व्हते तिचे, बारीक, पांढरे. मला पाहून म्हनली, "एकटाच? बाई कुठं हाय आमची?"

सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. कशानं गेली, कवापासून व्हतं, एकेक इचारत गेली. अन् काय माहीत काहून, तिला मी खरं सांगितलं. लवंगेपर्यंत सगळं.

"अरे भाऊ," ती म्हनली, "माझी गोळी बारकी केली म्हनून तर मी जित्ती हाय. पोट थांबलं, भाकर चालली. नाव कुठं कटलं माझं? ही काय बसली न्हवं मी."

मॅडमच्या टेबलापुढं मी वही टाकली. म्हनलं, "मॅडम, हे खोटं हाय. पयल्या पानापासून खोटं हाय. नाव कटल म्हनून मी लिव्हलं न्हाई. तिनं सांगितलं व्हतं, मी लिव्हलं न्हाई."

मॅडमनं वही बाजूला ठेवली. मंग तिनं फाईल उघडून माह्याकडं फिरवली. "काका, इथं बघा. काकूंचं नाव दिसतं का?"

पाह्यलं. या कागदावर एक नंबर, त्या कागदावर तोच नंबर.

"ह्या कागदांवर कोणाचंच नाव नसतं. आम्ही फक्त नंबर पाठवतो. कटायला नावच नव्हतं इथं, काका."

मी इचारलं, "सांगितलं असतं तर वाचली असती का?"

"छातीठोक नाही सांगू शकत," ती म्हनली. "गोळी थांबवली असती. फुप्फुसाची सूज उतरायचं औषध लगेच सुरू केलं असतं. बऱ्याच बाया त्यानं बऱ्या होतात. आणि गोळी थांबली तरी आम्ही काकूंना सोडलं नसतं. तपासायला, बघायला बोलावतच राहिलो असतो." तिनं फाईल मिटली. "त्या दिवशी त्या म्हणाल्या, मॅडम, जरा... मला विचारायला पाहिजे होतं पुढं."

मला राहवलं न्हाई. वही वढली अन् फाडायला घेतली. मॅडमनं दोन्ही हातांनी धरली. "फाडायचं नाही! खोडायचं पण नाही, काका. चूक झाली असेल तर तिच्यावर एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं, सही करायची, आजची तारीख टाकायची. हा इथला नियम आहे."

"आता लिव्हून काय फायदा?"

"बाहेर मिराबाई बसलीय ना, तिला फायदा. ह्याच गोळीवर आणखी किती बाया आहेत. त्यातली एखादी उद्या खोकेल." मंग ती आत जाऊन मोठ्या डॉक्टरला इचारून आली, अन् मला पेन दिलं.

तीन दिवस दुकान बंद ठेवलं. रोज पयल्या गाडीनं नांदेड, बाकड्यावर बसायचं, लिव्हायचं. तीनशेच्या वर ओळी. मला सगळं याद व्हतं. काहून न्हाई राहनार, ती रोज माह्या पुढं बसून सांगायची. तकलीफ न्हाई, त्यावर रेघ. काल सहा येळा, पोटात पानी. सही, तारीख. तकलीफ न्हाई, रेघ. तोंड आलं, दूधभात खाल्ला. सही. तकलीफ न्हाई, रेघ. उशाला दोन वाकळा. सही. मिराबाई एक दिवस तपासायला आली व्हती, ती शेजारी येऊन बसली, पेमाला चहा आनायला लावला. चकरेच्या दिवसाच्या ओळीपुढं लिव्हलं: ऊन न्हवतं. धाप व्हती. ती सांगत व्हती, मी हात दाबला.

तिसऱ्या दिवशी सांजच्याला शेवटची ओळ उरली. ओठ निळे पडल्याच्या सकाळची. मी रेघ मारली. खालचं अक्षर माहं, चांगलं ठळक, वाचता येत व्हतं. बाजूला जागा कमी व्हती म्हनून बारीक लिव्हलं.

चार दिवस न्हाई. सात आठवडे. तिनं सांगितलं व्हतं.

सही केली, तारीख टाकली अन् वही मॅडमला दिली.